पोत्यावरचे २२ टक्के आणि विणीचे उंदीर

प्रश्न : आमच्या फार्मसी कॉलेजच्या अॅनिमल हाऊसमध्ये विस्टर जातीच्या पांढऱ्या उंदरांची छोटी कॉलनी आहे. विणीच्या १२ माद्या, ४ नर आणि वाढीला लागलेले साधारण ४० उंदीर. सध्याचं पेलेट (दाबून केलेल्या कांड्यांचं तयार खाद्य) १८ टक्के प्रोटीनचं आणि ०.८ टक्के कॅल्शियमचं आहे. शिवाय रोज सकाळी भिजवलेले हरभरे, पाव आणि गाजर देतो. पेलेट जूनच्या सुरुवातीला चार महिन्यांचं एकदम भरून ठेवतो. पूर्वी एका वेताला १०-११ पिल्लं व्हायची, आता ६-७ होतात. एकविसाव्या दिवशी पिल्लू जेमतेम २८-३० ग्रॅम भरतं. गेल्या श्रावण-भाद्रपदात तीन माद्यांच्या योनिस्रावाच्या स्मिअरमध्ये शुक्राणू दिसले, वजनही वाढलं आणि पिल्लं न होताच ते उतरलं. दोघींनी आपली पिल्लं खाल्ली. आता खाद्य बदलायचं ठरलंय. दोन पुरवठादारांचे कागद जोडते. ‘अ’ : प्रोटीन २२, स्निग्ध ३, तंतू ७, कॅल्शियम ०.६, फॉस्फरस ०.७ टक्के, स्वस्त. ‘ब’ : प्रोटीन २०, स्निग्ध ५.५, तंतू ४, कॅल्शियम १.०, फॉस्फरस ०.७ टक्के, महाग. प्रोटीन जास्त ते घ्यावं, असं इथं सगळ्यांचं मत आहे. की इथंच बनवावं? एक सहकारी म्हणतात, खाद्यात अंडं घातलं की मादीला पिल्लं खायची चटक लागते. खरं का?
– प्राणिगृह प्रभारी, सातारा जिल्हा

उत्तर :

‘ब’ घ्या.

‘अ’चा कागद पुन्हा एकदा हातात घ्या आणि अगदी तळाची बारीक ओळ वाचा. त्यांचे सगळे आकडे ‘कोरड्या पदार्थावर’ काढलेले आहेत, म्हणजे ओलावा वजा करून. ‘ब’चे आकडे पोत्यातल्या मालाचे, १० टक्के ओलाव्यासकट आहेत. दोन्ही एका मापात आणल्याशिवाय तुलनाच होत नाही. ‘अ’मध्येही १० टक्के ओलावा धरला तर २२ गुणिले ०.९, म्हणजे १९.८ टक्के. ज्या दोन टक्क्यांसाठी तुमच्याकडे मतं पडली, ते दोन टक्के नाहीतच. बाकीचे आकडेही त्याच हिशोबानं खाली येतात : स्निग्ध २.७ आणि कॅल्शियम ०.५४. यातला कॅल्शियमचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरं म्हणजे, पोत्यावरचं ‘क्रूड प्रोटीन’ हे प्रत्यक्ष प्रोटीन मोजून काढलेलं नसतं. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. तो नायट्रोजन दुधाच्या भुकटीतून आला, कच्च्या सोयाबीनमधून आला की युरियातून, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून पुरवठादाराकडे टक्क्यांच्या आधी घटकांची पूर्ण यादी मागायची. यादी द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचा भाव कितीही कमी असला तरी तो माल विणीच्या कॉलनीत नको.

आता खाद्य नेमकं कुणासाठी निवडायचं? गाभण मादीसाठी, असं उत्तर बहुतेक जण देतात. पण गाभणपणाचे २१ ते २३ दिवस तुलनेनं स्वस्तात निघतात. साधी मादी दिवसाला १५ ते २० ग्रॅम खाते, गाभण असताना थोडं जास्त. खरा खर्च व्याल्यानंतर सुरू होतो. २८० ग्रॅमची मादी आणि तिच्या अंगावर १० पिल्लं असं धरा. जन्मताना पिल्लू ५ ते ६ ग्रॅमचं. चौदाव्या-पंधराव्या दिवशी नीट वाढलेलं पिल्लू २८-३० ग्रॅमचं होतं, म्हणजे दहा पिल्लांचं मिळून वजन आईएवढं किंवा तिच्याहून जास्त. तोवर ती सगळी जवळपास पूर्णपणे दुधावरच असतात. त्या दिवसांत मादी ४५ ते ५० ग्रॅम खाते, कधी त्याहूनही जास्त. तेवढं खाऊनही भागलं नाही तर ती स्वतःची हाडं आणि चरबी झिजवून पान्हा टिकवते, आणि पुढच्या वेताला पिल्लं कमी पडतात. तुमची १० वरून ६-७ वर आलेली संख्या या साखळीत बसते, निदान अंशतः तरी.

पोट तेवढंच आणि खर्च तिप्पट, त्यामुळे प्रत्येक ग्रॅममध्ये काय आहे याला महत्त्व येतं. सव्वासहा टक्के तंतू आणि पावणेतीन टक्के स्निग्ध असलेलं खाद्य नुसत्या बसलेल्या नराला उत्तम, तो लठ्ठ होणार नाही. पण दहा पिल्लं पाजणारीचं पोट त्यानं कोंड्यानंच भरतं. विणीच्या खाद्यात स्निग्ध ५ ते ७ टक्के आणि तंतू ३ ते ५ टक्के असावेत. १९९३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या एआयएन-९३ या प्रमाणित आहाराचे म्हणूनच दोन प्रकार आहेत : वाढ, गाभणपण आणि दूध पाजण्यासाठी ‘जी’, त्यात २० टक्के केसीन (दुधातलं प्रोटीन) आणि ७ टक्के सोया तेल, निव्वळ पोसण्यासाठी ‘एम’, त्यात १४ टक्के केसीन आणि ४ टक्के तेल. केसीनच्या आहारावर कॉलनी चालवणं तुम्हाला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही, पण या दोन आकड्यांमधला फरक डोक्यात राहू द्या.

प्रोटीनबद्दल एवढंच. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं १९९५ मध्ये दिलेली गरज वाढीसाठी आणि विणीसाठी १५ टक्के आहे, पण ती उत्तम प्रतीच्या, सहज पचणाऱ्या प्रोटीनची. धान्य आणि डाळींच्या पेलेटमध्ये मेथिओनिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी असतं आणि पचनही थोडं कमी, म्हणून १८ ते २० टक्के धरायचं. त्यापुढे २३-२४ पर्यंत गेल्यानं पिल्लं वाढत नाहीत, बिल वाढतं.

कॅल्शियम मात्र कुणी विचारत नाही. त्याच संस्थेचा गाभण आणि पाजणाऱ्या मादीसाठीचा आकडा ०.६३ टक्के आहे, फॉस्फरसचा ०.३७. ‘अ’चं ०.५४ इथंच नापास होतं. त्याहून वाईट म्हणजे ‘अ’मध्ये फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा जास्त आहे. असं उलटं प्रमाण असलं की मूत्रपिंडात कॅल्शियमचे कण साठतात, आणि उंदरांमध्ये हा त्रास माद्यांनाच जास्त होतो. एआयएनच्या १९७६ च्या जुन्या आहारात हाच दोष निघाला होता आणि ९३ मध्ये तो सुधारावा लागला. तुमच्यासारख्या ठिकाणी, जिथं याच माद्यांची पिल्लं पुढे औषधांच्या विषारीपणाच्या चाचण्यांना जाणार, तिथं मूत्रपिंडात आधीपासूनच डाग असलेले उंदीर म्हणजे निकालातच भेसळ. कॅल्शियम ०.८ ते १.२ टक्के, फॉस्फरस ०.६ ते ०.८, आणि कॅल्शियम नेहमी वरचढ, एवढं बघा. फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त दिसतो, कारण धान्यातला बराचसा फायटेट या संयुगात अडकलेला असतो आणि उंदराला पूर्ण मिळत नाही.

आता हरभरे, पाव आणि गाजर. ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि प्रेमानं पाळली जाते, म्हणून हिशोबच मांडू. पाजणारी मादी दिवसाला ४५ ग्रॅम कोरडा खुराक घेते असं धरा. त्यात ८ ग्रॅम हरभरा, ७ ग्रॅम पाव आणि उरलेलं ३० ग्रॅम तुमचं सध्याचं पेलेट. प्रोटीन : पेलेटमधून ५.४, हरभऱ्यातून १.६, पावातून ०.६, एकूण ७.६ ग्रॅम, म्हणजे जवळपास १७ टक्के. तक्रारीला जागा नाही. कॅल्शियम : पेलेटमधून २४० मिलिग्रॅम, हरभऱ्यातून १३-१४, पावातून किरकोळ. एकूण २५५-२६०, म्हणजे ०.५७ टक्के. लागणार होते २८४ मिलिग्रॅम. जीवनसत्त्वांचा तर सरळ तिसरा हिस्सा गेला, कारण ई आणि ए जीवनसत्त्वाच्या बाबतीत हरभरा आणि पाव जवळजवळ रिकामे. प्रोटीन ठीक दिसतं म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि तूट नेमकी न दिसणाऱ्या जागी पडते. त्यातही पिंजऱ्यात दोन माद्या असतील तर धीट मादी पाव पळवते आणि दुसरीला पेलेट उरतं. म्हणजे एकाच पिंजऱ्यात दोन वेगळे आहार.

गाजरात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी, त्यानं बिघडत काही नाही आणि घडतही काही नाही. ‘क’ जीवनसत्त्वासाठी देत असाल तर उंदीर ते स्वतःच्या यकृतात बनवतो. त्याची गरज गिनीपिगला. चांगलं पेलेट असताना वरून काहीही न देणं हाच नियम ठेवा. अगदीच द्यायचं तर दिवसाच्या खुराकाच्या ५ टक्क्यांपर्यंत, आणि भिजवलेलं काहीही सहा तासांवर पिंजऱ्यात ठेवायचं नाही.

तीन माद्यांचं वजन वाढून उतरलं, ती खूण महत्त्वाची आहे. गर्भ रुजले आणि मग जिरले. गाभ जिरण्याचं हे चित्र उंदरांच्या आहारशास्त्रात फार प्रसिद्ध आहे. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला इव्हान्स आणि बिशप या संशोधकांनी उंदरांना केसीन, स्टार्च, चरबी, क्षार असा ‘शुद्ध’ आहार दिला. माद्या तुकतुकीत, गाभण राहायच्या, आणि गर्भ आतल्या आत जिरायचे. लेट्यूसची पानं दिली, पुढे गव्हाच्या अंकुराचं तेल दिलं, की पिल्लं व्हायची. त्यातून ई जीवनसत्त्व सापडलं. त्याचं टोकोफेरॉल हे नावच प्रसूतीच्या ग्रीक शब्दावरून आलंय. हे जीवनसत्त्व तेलाला खवट होण्यापासून वाचवताना स्वतः खर्ची पडतं. जूनमध्ये भरलेलं पेलेट, सातारा जिल्ह्याचा पाऊस, आणि भाद्रपदात गेलेली गाभं. दोष सिद्ध होत नाही, संशय मात्र पक्का आहे. दमट साठ्यातली बुरशी हा दुसरा संशयित : मक्यावरच्या फ्युझेरियम बुरशीचं झिअरालेनोन हे विष इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि वीण बिघडवतं. शेंगदाणा पेंड आणि मक्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवतं, दुधातून पिल्लांपर्यंत जातं, आणि ऑटोक्लेव्ह करूनही (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करूनही) नष्ट होत नाही. पुरवठादाराकडून प्रत्येक बॅचचा अफ्लाटॉक्सिनचा अहवाल मागा, विशेषतः यादीत शेंगदाणा पेंड असेल तर.

तेव्हा साठा आधी सुधारा. तुमचा खप किती? मोठे १६ उंदीर, प्रत्येकी २० ग्रॅम, ३२० ग्रॅम. एका वेळी पाच माद्या पाजत्या धरल्या तर त्यांचे वरचे १२५. वाढीचे ४०, प्रत्येकी १५ ग्रॅम, ६००. झाले १,०४५ ग्रॅम; सांडलवंड धरून दिवसाला १.२ किलो, महिन्याला ३६ किलो. २५ किलोची तीन पोती दोन महिने पुरतात. पावसाळ्यात तर दर महिन्यालाच मागवा, वाहतूक थोडी महाग पडली तरी. धान्यापासून बनवलेलं पेलेट दळल्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत संपवायचं असतं, आणि तेही २१ अंशांखाली, कोरड्या खोलीत ठेवलं तर. तारीख दळल्याची बघा, पोतं तुमच्या दारात आल्याची नाही. पुरवठादाराच्या गोदामात आधीच तीन महिने काढलेला माल ‘नवा’ म्हणून येतो. पोती लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फळ्यांवर, भिंतीपासून सुटी. त्याच खोलीत फिनाईल, डांबरगोळ्या, कीटकनाशक नको. उघडलेलं पोतं झाकणाच्या पिंपात, आणि पिंप रिकामं करून पुसल्याशिवाय वर नवीन ओतायचं नाही. तळाशी साचलेल्या जुन्या भुग्यातच बुरशी धरते. साठवणीच्या खोलीत बाहेरचा उंदीर शिरत असेल तर लेप्टोस्पायरा जंतूंपासून उवांपर्यंत सगळंच आत येईल.

उवांचा उल्लेख मुद्दाम केला. १९२८ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टर लुसी विल्स मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा त्यांचा अभ्यास, हाफकिन संस्थेत बसून केलेला. तिथल्या गरीब बायकांच्या जेवणासारखा आहार गाभण उंदरांना दिला तर त्यांनाही पंडुरोग व्हायचा आणि यीस्ट दिलं की टळायचा. पुढे लक्षात आलं की त्या उंदरांना बार्टोनेला जंतूंचा संसर्ग होता आणि तो उवांमधून पसरत होता, त्यामुळे उंदरांवरचे निष्कर्ष डळमळीत झाले आणि प्रयोग माकडांवर करावे लागले. माणसांमधला शोध खराच ठरला, त्या ‘विल्स फॅक्टर’चं पुढे फोलिक अॅसिड झालं. पण खाद्याला दोष देण्याआधी उंदराच्या मानेवरचे केस फुंकून बघावेत, हेही त्यात आलंच. तुमच्याकडे पशुवैद्य येत असतील त्यांच्याकडून उवा, गोचीड-माइट आणि कृमी तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट खाद्यानं सुटणार नाही. ४ नर आणि १२ माद्यांची बंद कॉलनी, बाहेरून नवीन रक्त नाही, नोंदवही सैल, म्हणजे काही वर्षांत भावंडांच्याच जोड्या लागतात. वेतातली पिल्लं कमी होणं ही त्याचीही पहिली खूण. नोंदणीकृत प्रजनन केंद्रातून दोन-तीन असंबंधित नर आणायची तजवीज करा. ते येईपर्यंत निदान कुणाचा जोडीदार कोण, हे पिंजऱ्याच्या कार्डावर दोन पिढ्यांपर्यंत लिहा.

पिल्लं खाण्याचं म्हणाल तर अंड्यानं चटक लागत नाही. मादी पिल्लं खाते ती बहुतेक वेळा पहिलटकरीण असते, किंवा तिला डिवचलेलं असतं, किंवा पिल्लं मेलेली वा अशक्त जन्मलेली असतात. आणि एक कारण हमखास नजरेतून सुटतं : पाणी. पिल्लांसह मादीला दिवसाला १०० मिलिलिटर पाणी सहज लागतं. बाटलीच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला की बाटली भरलेली दिसते आणि मादी तहानलेली राहते. पाणी नाही तर ती खातही नाही, आणि दूध थांबतं. रोज सकाळी प्रत्येक नळीच्या टोकाला बोट लावून थेंब येतो का बघायचं, आणि विणीच्या पिंजऱ्याला मोठी बाटली द्यायची. व्याल्यावर पहिले तीन दिवस पिंजरा स्वच्छ करायचा नाही, पिल्लांना हात नाही. व्यायच्या दोन दिवस आधीच भुसा बदलून, घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या टाकून ठेवा.

खाद्य इथंच बनवावं का? आमचं मत, नको. पण टेंडर रखडलं आणि वेळ आलीच तर १० किलोचं प्रमाण हे : गव्हाचा भरडा ४ किलो, मक्याचा भरडा दीड किलो, भाजलेली सोया पेंड १ किलो ८०० ग्रॅम, फुटाण्याची डाळ १ किलो, मलईरहित दूध भुकटी ६०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ३०० ग्रॅम, सोया तेल ४०० ग्रॅम, डायकॅल्शियम फॉस्फेट १५० ग्रॅम, चुनखडीची पूड १३० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, डीएल-मेथिओनिन ३० ग्रॅम, आणि उरलेल्या ६० ग्रॅममध्ये कोलीन आणि जीवनसत्त्व-खनिजांचं प्रीमिक्स. यातून प्रोटीन सुमारे १९, स्निग्ध ६ च्या थोडं वर, कॅल्शियम १ आणि फॉस्फरस ०.७ टक्क्याच्या आसपास येतं. प्रीमिक्स बनवून घेताना किलोमागे ए ४,००० आंतरराष्ट्रीय एकक, डी १,०००, ई ७५ मागा. एआयएन-९३ चे आकडे हेच आहेत. प्रीमिक्स आणि मेथिओनिन आधी अर्धा किलो भरड्यात मिसळायचं, मग ते दोन किलोत, मग सगळ्यात. एकदम टाकलं तर एका पेलेटमध्ये मूठभर आणि दुसऱ्यात शून्य.

बिघडतं ते वाळवताना. पाण्यात मळून शेवेसारखं पाडलेलं खाद्य उन्हात टाकलं तर ए आणि ई जीवनसत्त्वं जातात, आणि सावलीत टाकलं तर आतून ओलं राहून बुरशी धरते. ५५ ते ६० अंशांवर, सुमारे १२ मिलिमीटर जाडीच्या कांड्या, ओलावा १० टक्क्यांखाली येईपर्यंत वाळवायच्या आणि दोन आठवड्यांत संपवायच्या. फार्मास्युटिक्स लॅबमधल्या ट्रे ड्रायरकडे लक्ष जाईल. तो वापरू नका. ज्या ट्रेमध्ये विद्यार्थ्यांनी औषधांचे ग्रॅन्युल्स वाळवले, त्यात प्रयोगाच्या उंदरांचं अन्न वाळवायचं नसतं.

सोयाबीन भाजलेलंच हवं. कच्च्यामध्ये ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात, प्रोटीन असूनही पचत नाही आणि स्वादुपिंड फुगतं. ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच उंदरांवर हे दाखवलं की शिजवलेल्या सोयाबीनवर उंदीर वाढतात, कच्च्यावर नाही. सरकीची पेंड घरात असली तरी नको, तिच्यातलं गॉसिपॉल नराची प्रजननक्षमता मारतं. गाईम्हशींचं पशुखाद्य नको, काहींत युरिया असतो आणि तो रवंथ करणाऱ्या जनावरांनाच उपयोगी. कोंबडीखाद्यही नको : अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, आणि ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडिओसिसची औषधं मिसळलेली असू शकतात. आणि पिण्याच्या पाण्यात गुरांचं ए-डी-ई टॉनिक टाकायचा मोह तर अजिबात नको. ए जीवनसत्त्व कमी पडलं तर वीण बिघडते, आणि गाभणपणात जास्त झालं तर व्यंग असलेली पिल्लं होतात.

‘ब’चं पोतं ऑटोक्लेव्ह करणार असाल तर आधी विचारा की ते त्यासाठी बनवलंय का. १२१ अंशांवर थायमिन आणि ए मोठ्या प्रमाणात जातात. ऑटोक्लेव्हसाठीच्या खाद्यात ते आधीच जास्त घातलेलं असतं. तुमच्या कॉलनीला ऑटोक्लेव्ह केलेल्या खाद्याची गरज दिसत नाही. हार्मोनवरचे प्रयोग चालत असतील, विशेषतः गर्भाशयाच्या वजनाचे, तर सोयामधल्या इस्ट्रोजेनसारख्या आयसोफ्लेव्होनचा परिणाम होतो आणि त्या गटासाठी सोयाविरहित खाद्य वेगळं मागवावं लागेल. चालू प्रयोगातल्या उंदरांचं खाद्य मध्येच बदलू नका, तो प्रयोग संपू द्या.

बदल सात दिवसांत करा : दोन दिवस एक भाग नवं तीन भाग जुनं, पुढचे दोन दिवस निम्मं-निम्मं, मग दोन दिवस तीन भाग नवं, सातव्या दिवसापासून पूर्ण. पाजत्या माद्यांचा बदल पिल्लं दुधावरून तोडेपर्यंत थांबवला तरी चालेल. ‘ब’ सगळ्यांना घालू नका. नर आणि रिकाम्या माद्या १४ ते १६ टक्क्यांच्या साध्या खाद्यावर राहू द्या, लठ्ठ मादी गाभण राहायला आणि व्यायला दोन्हीकडे अडते. मादीला जोडी लावायच्या दोन आठवडे आधी ‘ब’वर आणा आणि पिल्लं तोडेपर्यंत ठेवा. तोडलेली पिल्लंही दहा आठवड्यांपर्यंत त्यावरच. नर मात्र गाभणपणाच्या अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी बाजूला काढा. व्याल्यावर २४ तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते, नर तिथंच असेल तर ती पाजता पाजता गाभण राहते, आणि मग कुठलंच खाद्य पुरत नाही. पिल्लं तोडल्यावर तिला दहा-पंधरा दिवस विसावा हवा.

सोळाव्या दिवसापासून पिल्लं खायला बघतात, पण जाळीच्या हॉपरपर्यंत त्यांचं तोंड पोचत नाही. दोन-तीन पेलेट पाण्यात मऊ करून उथळ झाकणात पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, सकाळ-संध्याकाळ बदला, आणि पाण्याची नळी त्यांच्या उंचीला आणा. तुमच्या २८-३० ग्रॅमच्या पिल्लांमध्ये या एका गोष्टीनं फरक दिसेल. पेलेट नखानं कुरतडला जाणारच नाही इतका कडक असेल तर तसं पुरवठादाराला कळवा, कडक पेलेटवर पिल्लं मागे पडतात. आणि पोत्यात भुगाच जास्त निघत असेल तर तेही कळवा, तो सगळा हॉपरमधून खाली पडून वाया जातो.

वजनकाटा जवळ ठेवा. वेताचं एकत्र वजन जन्मानंतर चौथ्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी घ्या आणि पिल्लांच्या संख्येनं भागा. सातव्या दिवशी १२ ते १५, चौदाव्याला २५ ते ३०, एकविसाव्याला ४० ते ५० ग्रॅम असं यायला हवं. चौदाव्यापर्यंत ठीक आणि एकविसाव्याला मागे, तर पिल्लांना पेलेट किंवा पाणी पोचत नाही. सातव्यालाच मागे, तर आईचं दूध कमी आहे. तिचं वजन, तिची बाटली आणि पोत्याची तारीख बघा. पिल्लं तोडताना मादीचं वजन जोडी लावतानाच्या वजनाहून कमी भरलं तर तिला पुढच्या जोडीला लावू नका. हे आकडे दोन वेतांचे जमले की पोत्यांवरच्या बॅच क्रमांकासह कळवा, त्यावरून ‘ब’ चालू ठेवायचं की नाही ते ठरवता येईल.